तार नेलीच नाही

देवमनकाकांवर मी अन्याय केला. शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेला लागून ज्यांचं वांग्या-मेथीचं वावर आहे, ते देवमनकाका. मागच्या वर्षी, संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, सोलर चार्जिंग केंद्राच्या केबिनमध्ये. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते — काकांच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, आमच्या गटातल्या पोरापोरींना नाही. स्वतःशीसुद्धा सांगायची वेळ आली की मी उठून दुसरं काहीतरी काम काढायचे.

मला तुम्ही ओळखता. नावानं नसेल, पण कागदानं ओळखता. शेलूबाजारच्या स्टँडवर जीपच्या वायपरखाली गुलाबी पत्रक खोचलेलं दिसलं असेल, वर जाड अक्षरांत ‘जाब द्या!’ — ते मी लिहिते. रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून रेशनच्या गव्हातल्या खड्यांपर्यंत सगळ्यांना मी जाब विचारला. कुणाला वाईट वाटेल, कुणाचं नाव खराब होईल, असला विचार केला नाही. खरं बोलणाऱ्यानं कशाला करायचा? — असं मी म्हणायचे. भाषणातही म्हणायचे.

गटात नवं कुणी आलं की त्याला पत्रक लिहायला मीच शिकवायचे. पहिला नियम ठरलेला : पत्रकात ‘मी’ लिहायचं नाही. ‘आम्ही’ लिहायचं. ‘मी’ म्हटलं की माणूस एकटा पडतो.

हा नियम लक्षात ठेवा. माझ्या तो त्या दुपारीही लक्षात होता. सगळी लाज तिथंच आहे.

आधी केंद्राचं सांगते. हायवेवर बॅटरीच्या गाड्या वाढल्या, तेव्हा एका कंपनीला आमच्या गावाजवळ चार्जिंग केंद्र हवं होतं. लाईन कुठून घेणार, तर बागाईतदारांच्या मोटरी ज्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, चालतात, त्याच डीपीवरून. गाव भडकलं. त्या डीपीवर आधीच इतक्या मोटरी की एक पाणी उचलते, तर दुसरी उचलत नाही. आम्ही सहा जण उभे राहिलो आणि म्हणालो, केंद्र होऊ द्या, पण उन्हावर होऊ द्या. ‘ऊन आमच्या डोक्यावर, वीज कुणाच्या खांबावर?’ ही घोषणा माझी. मला आजही ती आवडते, काय करू?

कंपनी सोलरला कबूल झाली. ग्रामसभेत लोक तरी कुरकुरत होते. तेव्हा मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “गावच्या डीपीले हात लागनार नाही. मी जबान देते.” मग मागून एक हात वर गेला. देवमनकाकांचा. “पोरगी जबान देऊन राह्यली तं मंग काय पाह्यचं? माहा हात वर हाये.” त्यांच्या मागून बाकीचे हात वर गेले.

वावर अगदी शेजारी, म्हणून दिवसाचे चौकीदार काकाच झाले. कामाचा भाग म्हणून रोज सकाळी छतावरच्या सोलर प्लेटा धुवायच्या. ते लांब दांड्याला फडकं बांधून, रबरी पाइप घेऊन वर चढायचे. प्लेटांवरून ओघळलेलं पाणी जिथं पडायचं तिथं त्यांनी सांबाराचा वाफा केला होता. गाडी चार्जिंगला लावून बसलेले पुण्या-नागपूरचे लोक विचारायचे, ही कोथिंबीर इथं कशी? काका म्हणायचे, “प्लेटाईची आंगोळ झाली का हा परसाद भेटते.” मला एकदा म्हणाले, “सूर्यनारायनाचे आरशे हायेत माय हे. मळके काहून ठेवाचे?”

रोज धुवायचे ते. सणवारीसुद्धा.

पावसाळा निघून गेला. त्या दिवसांत वावरात पाणी द्यायचीच गरज नव्हती, म्हणून कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. दिवाळीनंतर मोटरी सुरू झाल्या आणि उचलेनात. नुसत्या गुरगुरायच्या. लोकांनी लाईनमनला शिव्या घातल्या. काकांनी मात्र पाहून ठेवलं की केंद्रात गाडी लागली की मोटर बसते, आणि गाडी गेली की उचलते.

एका सकाळी त्यांनी मला केबिनच्या मागे नेलं. तिथं भिंतीला लोखंडी पेटी आहे. पेचकसनं झाकण उघडून ते बाजूला झाले. छतावरून पाइपातून दोन जाड काळ्या तारा खाली पेटीत आल्या होत्या, आणि तिथंच संपल्या होत्या. टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यावर धूळ. पेटीपासून गाडीच्या मशीनपर्यंत — काही नाही. कोरी भिंत.

“पाहून घे,” काका म्हणाले. “तार इथून पुढे नेलीच नाही.”

मी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं.

“मंग गाड्या कायच्यावर चालून राह्यल्या, पोरी?” आणि त्यांनी हनुवटीनंच रस्त्यापलीकडच्या डीपीकडे दाखवलं.

इतके महिने ते ज्या प्लेटा धूत होते त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ज्या डीपीला हात लागणार नाही म्हणून मी जबान दिली, त्याच डीपीवर केंद्र चाललं होतं. मला हे समजलं त्याच मिनिटाला मी त्यांना काय म्हणाले असेन? ‘चला, ग्रामपंचायतीत जाऊ’? ‘उद्याच पत्रक काढते’? मी म्हणाले, “काका, सध्या कोनाले सांगू नका. मी पाहते.”

ते कुणालाच बोलले नाहीत. पाच आठवडे. त्यांची स्वतःची वांगी पाण्यावाचून माना टाकत होती, आणि ते माझ्या शब्दावर गप्प होते.

मी ‘पाहिलं’ ते एवढंच — कंपनीच्या साईट सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, एक भाग बाहेरून यायचाय, महिनाभरात जोडून टाकू, कशाला बोभाटा करता? आणि वर म्हणाला, तुमचं केंद्र बघायला मोठे लोक येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर आणखी दोन मंजूर होतील. एक पोहरादेवीच्या रस्त्यावर, एक केनवडला. केनवडच्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकले. तिथं आपल्या चळवळीचं केंद्र उभं राहील — मी फोन ठेवला तेव्हा, खरं सांगते, मी खूश होते.

बघा, अजूनही मी गोल गोल फिरतेय. बुधवारवर यायला पाहिजे.

बागाईतदारांनी तक्रार केली होती, म्हणून बघायला आलेल्या मोठ्या लोकांसोबत वीज मंडळाचे एक साहेबही फाईल घेऊन आले. त्यांनी सोलरच्या मीटरचा काटा पाहिला. काटा शून्यावर. पेटी उघडायला लावली. सुपरवायझर आत वाकला, आणि मान वर काढायच्या आतच बोलला, “चोरी झाली सर. केबल नेली कुणीतरी.” मग त्यानं काकांकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं. तिथं बारा-पंधरा माणसं होती. तीही पाहायला लागली.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. तार कधी टाकलीच नव्हती, हे मला पाच आठवड्यांपासून माहीत आहे. झालं. इतकंच. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न आला असता ना — मग पाच आठवडे तोंड का शिवलं होतं? जबान तर तूच दिली होती? जी बाई जिल्हाभर जाब विचारत फिरते, तिला तो प्रश्न झेपला नाही.

साहेब म्हणाले, चौकीदाराचा जबाब घ्या.

काका घाबरले नव्हते. उलट त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे वाटले ते. आता सांगायला मोकळे झालो, असं. “घ्या न लिहून. माह्यापाशी काय लपाचं हाये?” बाकीचे बाहेर पेटीपाशीच राहिले; काका माझ्यासोबत केबिनमध्ये आले, खुर्चीवर बसले, खिसा चाचपला. “चष्मा घरी राह्यला. पोरी, तूच लिही. तुह्यं अक्षर छापल्यावानी हाये.” मग माझ्याकडे बघत थोडे थांबले. मी बोलेन म्हणून थांबले होते. मी घड्याळाकडे बघत होते.

तेव्हा ते म्हणाले, “लिही. तार इथून पुढे नेलीच नाही.”

आमच्याकडे ‘नेणं’ कसं वापरतात, तुम्हाला माहीतच आहे. लाईन वावरापर्यंत नेली. पाइप विहिरीपासून घरापर्यंत नेला. आणि चोर? चोरही नेतोच. काकांचं वाक्य सरळ होतं. तार पेटीपासून पुढे ओढलीच नाही, टाकलीच नाही. त्या वाक्यानं कंपनी उघडी पडत होती. त्यांच्यावर काही येत नव्हतं.

मी लिहिलं, ‘तार मी नेली नाही.’

‘इथून पुढे’ गाळलं. ‘नेलीच’मधला ‘च’ काढला. ‘मी’ घातला.

वाचा एकदा. जोडणीच झाली नाही, हे सांगणाऱ्या साक्षीदाराचं वाक्य राहिलंय का ते? ते आरोपीचं झालं. तार होती, ती गेली, आणि हा म्हणतो मी नाही नेली. प्रत्येक चोर म्हणतो तसं. एका अक्षरानं.

आणि तरी इथंही संपलं नाही. काका म्हणाले, “वाचून दाखव एकडाव.” मी कागद हातात धरला. नजर अक्षरांवर ठेवली. आणि वाचलं — “तार इथून पुढे नेलीच नाही.” जे कागदावर नव्हतं ते वाचलं. आवाज कापलासुद्धा नाही माझा.

“बराबर,” ते म्हणाले. सही केली. ते आधी सगळी अक्षरं सुटी काढतात आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एक सावकाश रेघ ओढतात वरून. ती रेघ पुरी होईपर्यंत मला वेळ होता. रेघ पुरी झाली.

नंतर मी स्वतःला काय काय सांगितलं! की वाक्य खोटं कुठंय, त्यांनी तार नेली नव्हतीच. की मी तर त्यांच्या बाजूनंच लिहिलं. की दोन केंद्रं आली तर हजारोंचं भलं आहे. सगळं सांगून झालं आणि काही पुरलं नाही. कारण ‘मी’ म्हटलं की माणूस एकटा पडतो, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही. मीच शिकवत होते.

पुढं काय झालं? सुपरवायझरनं मोठं मन दाखवलं. “गरीब माणूस आहे, पोलिसात कशाला? कामावरून काढू, विषय संपवू.” साहेबांनी मान डोलवली. जमलेल्यांनी डोलवली. पोलिसात तक्रार झाली असती तर निदान कुणी विचारलं असतं, कोणती तार, कधी टाकली, कुणी टाकली, बिल कुठंय. माफीनं ते दार बंद करून टाकलं. आठ दिवसांत ‘चोरीला गेलेल्या’ तारेच्या जागी नवी तार आली. काटा वर चढला. केंद्र खरोखर उन्हावर चालायला लागलं, मोटरी उचलायला लागल्या, आणि जी चूक कधी झालीच नाही असं दाखवायचं होतं ती खरंच दिसेनाशी झाली. सगळ्यांचं भलं झालं. एक माणूस सोडून.

मी पत्रक काढलं. ‘चोरी झाली, तरी सूर्य थांबला नाही!’ गुलाबी कागद. जीपच्या वायपरखाली. जीपस्टँडच्या अगदी समोर काका भाजी घेऊन बसतात.

वायरचोर हा शब्द आमच्याकडे किती वाईट, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं ज्याची विहीर आहे, त्याची एकदा तरी मोटरची केबल चोरीला गेलीय. ऐन पाण्याच्या वेळी. माणूस त्या चोराला जन्मभर शिव्या देतो, आणि चोर कधी सापडत नाही. आता सापडला. शेजारचा वावरवाला संध्याकाळी आपली केबल गुंडाळून घरी न्यायला लागला. काकांना दिसेल अशी, आणि वर हसून, “सहजच, काका.” बाजारात गिऱ्हाइकं जुडी उचलून बघतात. “देवमन, आज सुतळीनं बांदली का? तार खपली काय?” आणि हसतात. वाईट माणसं नाहीत ती. वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत. काका पण हसतात. कौसाकाकू हसत नाहीत. काकू म्हणजे काकांची बायको, अख्ख्या बाजारात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. भाव पाडणाऱ्याला ती म्हणायची, “वांगं घ्याले आला का पोरगी पाह्यले?” ती आता बाजारात येत नाही.

रामनवमीच्या आसपास, पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या जीपा भरभरून निघत होत्या तेव्हा, मी काकांच्या समोर जाऊन उभी राहिले. कशाला गेले, सांगता येणार नाही. त्यांनी ऑफिसातून जबाबाची नक्कल काढली होती. चष्मा लावून वाचली होती. ओरडले नाहीत. मेथीवर पाणी शिंपडत खालच्या आवाजात म्हणाले, “पोरी, त्याच्यात ‘मी’ हाये. मी ‘मी’ म्हनलो नवतो.”

आणि मी काय म्हणाले? ही ती ओळ, जी लिहायला मला वर्ष लागलं. जबाब भीतीनं लिहिला असं तरी म्हणता येईल. हे भीतीनं नाही. मी म्हणाले, त्यांच्याच बोलीत, अगदी घरच्यासारखी, “काका, मतलब तं तोच होते न. काय फरक पडते?”

त्यांनी हातावरचं पाणी झटकलं. मग सांबाराची एक जुडी उचलून माझ्यापुढे धरली.

“सुतळी हाये,” म्हणाले. “पाहून घे.”

मी ती घेतली आणि जीपमध्ये बसले.

केनवडचं केंद्र आता सुरू होतंय. त्याचं पत्रक लिहायला मी बसले, सवयीनं वर ‘जाब द्या!’ लिहिलं, आणि पुढं हात चालेना. जाब कुणी द्यायचा? म्हणून हे लिहिलं. तोच गुलाबी कागद, तोच छापखाना. साहेबांच्या ऑफिसात वेगळा अर्ज दिलाय, माझ्या सहीचा : तार चोरीला गेली नाही, ती टाकलीच नव्हती, जबाबातला ‘मी’ हा शब्द देवमनकाकांचा नाही, माझा आहे. त्यावर काय होईल ते होवो. पहिली प्रत काकांच्या टोपलीवर ठेवून येणार आहे. चष्मा लावून त्यांचं ते वाचतील. वाचून दाखवायला मी थांबणार नाही. माझं वाचणं त्यांनी एकदा ऐकलंय.

माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडेल.

तुमच्याकडून मात्र एक पाहिजे. हा कागद तुम्ही कुणालातरी वाचून दाखवाल. जीपमध्ये, पारावर, गाडी चार्ज होईपर्यंत केंद्राच्या सावलीत बसून. कुणाचा तरी चष्मा घरी राहिलेला असेल. तेव्हा काही गाळू नका, काही घालू नका. जे लिहिलंय, तेच वाचा.